सेट-टॉप बॉक्सवरची लेन्स

मोरेबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात टेबलावर जो फोटो ठेवला होता, तो त्यांच्या आधार कार्डावरचा होता. पुतण्याने तो मोबाइलमध्ये मोठा करून कुठल्यातरी ॲपमधून घासूनपुसून घेतला होता. कपाळावरची आठी गेली होती, गाल गुळगुळीत झाले होते आणि डोळे भलत्याच कोणाचे तरी वाटत होते. बुद्धमूर्तीशेजारी, मेणबत्त्यांच्या उजेडात, एक अनोळखी बाई आमच्याकडे बघत होती.

मी मेणबत्ती लावून मागे सरकलो, तसा पुतण्या जवळ आला.

“दिनेशदादा, तुम्हाला फोन केला होता. म्हटलं, तुम्ही एवढे फोटोग्राफर, काकीकडे सारखे यायचात. तुमच्याकडे असेल एखादा चांगला.”

“नाहीये रे.”

“एकपण नाही?”

“एकपण नाही.”

“काय राव,” असं म्हणून तो पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. त्याने ते मनावर घेतलं नाही. तिथल्या कोणीच घेतलं नाही.

अलिबागला माझा लग्नाचे फोटो काढायचा धंदा आहे. किहीमच्या वाळूत धावणारी, उगाचच एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावणारी असंख्य जोडपी माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. त्यातल्या बहुतेकांची नावं मला आठवत नाहीत. बाईंनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती : त्यांचा एक फोटो. तो माझ्याकडून झाला नाही. बाईंबद्दल लिहायला बसलो की ही गोष्ट आधी येऊन उभी राहते, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

बाई आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. रेवसच्या रस्त्यावर, खारेपाटात आमचं गाव. चौथीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो. उंच, सडसडीत, चालताना कायम घाईत असल्यासारख्या, आणि हिवाळ्यातसुद्धा काखेत छत्री. वर्गात फार बोलायच्या नाहीत. एकच शब्द होता त्यांचा : “पाठ.” तो आला की आख्खा वर्ग ताठ बसायचा. पुढे निवृत्त झाल्यावर हातात कॅमेरा आला, तेव्हाही समोर बसलेल्या माणसाला त्या ‘हसा’ किंवा ‘इकडे बघा’ म्हणाल्या नाहीत. “पाठ,” एवढंच. कधी शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्या बायकाही मग पोरांसारख्या सरळ व्हायच्या.

त्यांच्या मिस्टरांचा उरणला फोटो स्टुडिओ होता. रोज सकाळी रेवसच्या जेटीवरून तरीच्या बोटीने करंजाला, तिथून उरणला. संध्याकाळी उलट. मोऱ्यांकडे एक जुनी रशियन लेन्स होती. काळी, जड, बायकांच्या मुठीत मावेल एवढी. एका जहाजावरच्या रशियन खलाशाने ती मैत्रीखातर दिली, असं ते सगळ्यांना सांगायचे. बाई म्हणायच्या, “मुंबईला जुन्या बाजारात घेतली. खलाशी काय मला कधी दाखवला नाही.”

मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, आणि पुढे मोरेही गेले. दिवे, पडदे, छत्र्या सगळं भंगारात गेलं. लेन्स राहिली. एक दिवस बाई ती रुमालात बांधून माझ्या अलिबागच्या दुकानात आल्या.

“ही तुझ्या कॅमेऱ्याला बसते का बघ.”

मी हसलो. हसायला नको होतं. “बाई, ही फिल्मच्या जमान्यातली. हिला ऑटोफोकस नाही, काही नाही. सगळं हाताने.”

“मलाही नाही ऑटोफोकस. बसते का ते सांग.”

जुन्या लेन्सचे आटे वेगळे आणि नव्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं, म्हणून मध्ये एक धातूची कडी लावावी लागते. मी ती मागवून दिली. बाईंनी तिला ‘बांगडी’ म्हणायला सुरुवात केली. “यांच्या लेन्सला मी बांगडी घातली,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि विधवा बाईने असं बोलावं का, हा प्रश्न लोकांच्या तोंडावर उमटलेला बघून मनातल्या मनात खूश व्हायच्या.

माझ्याकडचाच एक वापरलेला डिजिटल कॅमेरा त्यांनी घेतला. पहिल्या दिवशी लेन्स लावून बटण दाबलं, तर पडद्यावर आलं : लेन्स जोडलेली नाही. फोटो निघेना. मी समजावून सांगितलं, की नव्या लेन्स कॅमेऱ्याशी विजेच्या तारांनी बोलतात, ही मुकी आहे, म्हणून कॅमेऱ्याला ती कळत नाही. आत एक सेटिंग बदललं की लेन्स नाही असं सांगतच तो फोटो काढतो.

बाई बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. “एवढी तोंडासमोर बसलीय आणि म्हणतो, नाही. उरणच्या लग्नांत यांच्याकडेही लोक असंच बघायचे. फोटो सगळ्यांना हवे असायचे. पंगतीला बस म्हणायचं कोणाच्या लक्षात यायचं नाही.” हजेरी घेतल्यासारख्या, सरळ आवाजात बोलल्या. मी सेटिंग बदलून दिलं.

फोटो काढायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. लेन्सचं कडं फिरवून चेहरा नेमका स्पष्ट करायचा असतो, पण बाईंची बोटं आखडली होती. मोऱ्यांनी म्हातारपणी काढलेली युक्ती त्यांनी उचलली. कडं एका जागी ठेवून द्यायचं, आणि आपणच पुढे-मागे झुकायचं. त्यामुळे बाई कॅमेरा डोळ्याला लावून जागच्या जागी डोलायच्या. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. मग एका क्षणी थबकायच्या, श्वास धरायच्या आणि बटण दाबायच्या. दाबल्यावर “झालं” म्हणायच्या नाहीत. “दिसलीस,” म्हणायच्या. किंवा “दिसलात.” गावातली पोरं त्यांची नक्कल करायची. बाईंना ते माहीत होतं. “करू दे,” म्हणायच्या, “पण थांबायचं कधी ते त्यांना कळत नाही.”

आणि ती लेन्स राहायची बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीखाली, सेट-टॉप बॉक्सवर. आमच्या हवेत जुन्या लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळिष्टकासारखे पांढरे धागे काचेवर पसरत जातात. सेट-टॉप बॉक्स कायम कोमट असतो, म्हणून बाईंनी तो लेन्सला दिला होता. टीव्ही त्या बघायच्या नाहीत. टीव्हीला कापड घातलेलं असायचं, वर पांढऱ्या कांद्याची वेणी लटकायची, आणि खाली तो डबा बारा महिने चालू. त्याच्या लाल ठिपक्याशेजारी लेन्स बसलेली. केबलवाल्या पोराने एकदा विचारलं, “बाई, चॅनल कुठलं बघता?” बाई म्हणाल्या, “हीटर.”

त्या लेन्समधून माणसं वेगळी दिसायची, हे खरं. कडा मऊ, मधे चेहरा, त्याच्यामागची झाडं गोल फिरल्यासारखी. आजचा माणूस जुन्या काळातून आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला : गेल्यानंतर भिंतीवर लावायला असाच फोटो हवा. हाराच्या फोटोसाठी म्हाताऱ्या बाईंकडे यायला लागल्या. पहिली आली हौसाबाई, मासळी विकणारी.

“बाय, माजा फोटू कारा. मेल्यावर लावाला.”

“मरायला काय झालंय तुला?”

“आता न्हाय. पन मंग कोन कारल? पोरगा मोबाइलवर कारतंय, त्यान माजं नाक भोपल्यावानी दिसतं.”

बाईंनी तिला दाराशी, उजेडात बसवलं. “पाठ.”

हौसाबाई ताठ झाली. “हसू का नको?”

“मेल्यावर कोणाकडे बघून हसणार आहेस?”

“सुनंकडं! रोज दिवा लावताना तिला वाटूंदे, म्हातारी गेली न्हाय अजून.”

बाईंना मी मोकळं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक. हसतच त्या डोलत होत्या, मग एकदम थबकल्या. “दिसलीस.” तो फोटो आज हौसाबाईच्या घरी हारात आहे. सून म्हणते, त्याच्यासमोर उभं राहून भांडता येतं.

सगळेच असे नव्हते. आवासच्या बाजूला एका बागायतदारांच्या घरून बोलावणं आलं. नारळ-सुपारीची मोठी वाडी, थकलेली आजी, तिचा फोटो हवा होता. बाईंना मी गाडीने घेऊन गेलो. आजी बाईंशी चांगली बोलली, हात धरून बोलली. फोटोनंतर आतून चहा आला. मला, घरच्यांना कपबशी. बाईंना कागदी ग्लास. आणणारी मुलगी लहान होती, तिला कोणीतरी तसं सांगितलं असणार. मी बघितलं. बघून माझ्या कपातला चहा प्यायलो. शिष्टाचार म्हणून, भांडण नको म्हणून, पुढच्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न होतं म्हणून. कारणं तेव्हाही होती, आताही सांगता येतात.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, “तुझ्या कपाला कान होता.”

“बाई, मला...”

“तुला काय म्हणतेय मी? कपाबद्दल बोलतेय.”

पंधरवड्याने त्या घरच्या मुलाचा मला फोन आला. फोटो धुरकट आलाय, आम्ही ॲपवर नीट करून घेतला. नातीच्या लग्नाचे फोटो काढायला मी गेलो तेव्हा त्याने तो ‘नीट केलेला’ फोटो सगळ्यांसमोर आजीला मोबाइलवर दाखवला. आजीने तो लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, “ही कोणाची आई रे?” लोक हसले. मीही हसलो. हे बाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे ती मला एकटीलाच दिसली.”

आता त्या एका मागणीबद्दल.

एकदा बाईंनी मोऱ्यांचे जुने फोटो दाखवले. उरणची लग्नं, मिठागरावरची माणसं, जत्रा, शाळांचे वर्ग. एवढ्या ढिगात बाई कुठेही नव्हत्या.

“तुमचा नाही एकही?”

“नाही. मी म्हणायचे, माझा काढा. ते म्हणायचे, तू काय घरातलीच, तुझा कधीही काढू. रविवारी काढू. सणाला काढू. कॅमेऱ्यात दोन फोटो उरलेत, ते गिऱ्हाइकासाठी ठेवू. मग गेलेच.” बाईंचा आवाज हळवा झाला नाही. बढती हुकल्यावर मास्तर जसं बोलतात, तसं त्या बोलत होत्या. “मला त्यांचा राग आहे, दिनेश. लोकांना वाटतं ही नवऱ्याची आठवण म्हणून लेन्स सांभाळतेय. मी सांभाळतेय ती माझा फोटो राहिलाय म्हणून. त्यांना मी दिसले नाही. निदान त्या काचेतून एकदा तरी दिसू दे मला. आणि माझा मला काढता येत नाही. तू शिक आणि तू काढ.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. आणि मग मी काय केलं, तर म्हणालो, रविवारी काढू. लग्नाचा हंगाम होता. मग म्हणालो, हंगाम संपला की. बाई दर वेळी “बरं” म्हणायच्या. आता विचार केला की वाटतं, ते ‘बरं’ त्यांच्या तोंडात माझ्याही आधीपासून तयार होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर त्या अंगणात घसरल्या आणि मनगट मोडलं. कॅमेरा धरता येईना. त्यांनी कॅमेरा आणि लेन्स माझ्या हवाली केली. “पावसाळाभर घे. हात बसव. डोलायची सवय कर. विजयादशमीला, धम्मचक्र दिनाला, मी पांढरी साडी नेसते, तेव्हा काढ. आणि हिला कोमट ठेव.”

मी हात बसवला. पण कोणावर? किहीमला, अक्षीला, पावसात भिजायला आलेल्या जोडप्यांवर. त्यांना त्या लेन्सचं वेडच लागलं. “ये क्या फिल्टर है सर?” असं विचारायचे. मी म्हणायचो, जुनी लेन्स आहे, माझं कलेक्शन. ‘माझं’ म्हणालो, हे आठवतं. दर आठवड्याला ती खाऱ्या वाऱ्यात नेली. आणि तिचा मान राखायचा म्हणून मी तिच्यासाठी एक सुंदर चामड्याची डबी घेतली. आत लाल मखमल. माझ्यासारख्या व्यावसायिक माणसाने बाईंची लेन्स सेट-टॉप बॉक्सवर ठेवायची, हे मला गमतीचं वाटलं. डबीत घालून कपाटात ठेवली की मला फार जबाबदार वाटायचं.

श्रावणात आत पहिला धागा दिसला. एवढ्याने काय होतंय, म्हटलं. विजयादशमीला एका रिसॉर्टवर काम निघालं. बाईंना फोन केला. “बरं,” म्हणाल्या. दिवाळीनंतर डबी उघडली, तेव्हा काच दुधाळ झाली होती. मुंबईच्या कारागिराकडे नेली. त्याने उघडली, पुसली, उजेडाला धरली आणि परत दिली. म्हणाला, बुरशीने काच खाल्लीय, आता पुसून जायचं नाही.

ती घेऊन मी बाईंकडे गेलो. दुपारची वेळ होती. त्यांनी लेन्स बऱ्या हातात घेतली आणि खिडकीकडे धरून तिच्यातून बाहेर बघितलं.

“कुठे ठेवली होतीस?”

“डबीत. चांगल्या चामड्याच्या डबीत, बाई.”

“चामड्याच्या.” त्यांनी लेन्स खाली घेतली. “पावसाळ्यात तुझ्या घरात चपला हिरव्या होत नाहीत?”

होतात. आमच्याकडे सगळ्यांच्या होतात. लहानपणापासून बघत आलोय. मी मान खाली घातली आणि माफी मागायला लागलो, बराच वेळ मागत राहिलो. बाईंनी मध्येच हात वर केला. “ते पुरे. ते तू तुझ्यासाठी करतोयस.”

मी म्हणालो, माझी सगळ्यात भारी लेन्स गाडीत आहे, आत्ता काढतो, असा काढतो की...

“दुसऱ्या काचेतून आधार कार्डावर आहे की मी,” बाई म्हणाल्या. “हीच लाव.”

“बाई, हिच्यातून काही...”

“लाव.”

मी बांगडी बसवली, लेन्स लावली. बाई आत गेल्या आणि पांढरी साडी नेसून आल्या. एका हाताने नेसली होती, निऱ्या नीट बसल्या नव्हत्या. दाराशी, जिथे त्या सगळ्यांना बसवायच्या, तिथे स्टुलावर बसल्या. “पाठ” म्हणायला कोणी नव्हतं. त्या आपणच ताठ झाल्या.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. पांढरं धुकं, त्यात थोडं अधिक पांढरं काहीतरी. ती साडी असावी. चेहरा नव्हता. मी पुढे झुकलो. मागे झालो. पुन्हा पुढे. कुठेतरी एखादी कड सापडेल, डोळ्याची, ओठाची, चष्म्याच्या दांडीची. कड अशी कुठे उरलीच नव्हती. मी पडद्यावरचं चित्र मोठं करून बघितलं, तर धुकं मोठं झालं. माझ्या मनात आलं, बटण दाबावं आणि “दिसलात” म्हणावं. त्यांना काय कळणार आहे?

“दाबू नकोस,” बाई म्हणाल्या.

मी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

“अजून डोलतोयस तू. म्हणजे दिसत नाही मी.”

मी थांबलो. पण त्या थांबण्याला आता अर्थ नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

ती लेन्स अजून माझ्याकडे आहे. बाईंनी परत घेतली नाही. सूर्यास्ताच्या वेळी समुद्राकडे तोंड करून लावली, तर तिच्यातून माणसं ओळखू येत नाहीत, नुसता उजेड येतो. लग्नवाल्यांना तो फार आवडतो. मी ती वापरतो. दर वेळी कॅमेरा सांगतो, लेन्स जोडलेली नाही, आणि दर वेळी मी फोटो काढतो.

त्यानंतर बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. म्हणजे मीच गेलो नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. त्यामुळे त्या दिवशीच्या शेवटाला जे दिसलं, तेच माझं शेवटचं.

मी कॅमेरा पिशवीत भरत होतो. बाई स्टुलावरून उठल्या. पांढऱ्या साडीतच, हळूहळू टीव्हीपाशी गेल्या, कांद्याची वेणी बाजूला केली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. सेट-टॉप बॉक्सवरचा लाल ठिपका विझला. त्यावरची लेन्सची गोल, कमी धुळीची जागा त्यांनी पदराने पुसून काढली.

“उगीच चालू होता,” म्हणाल्या.